दुकानातला उजेड मालावर पडतोय की फरशीवर?

कवडसा

नमस्कार मंडळी.

दुकानांची प्रकाशयोजना हे माझं रोजचं काम. नव्या दुकानात पाऊल टाकलं की मालकांचं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं: "ताई, उजेड कमी पडतोय, आणखी चार पॅनल बसवून द्या." मी वर बघायच्या आधी खाली बघते. फरशी लख्ख असते, इतकी की सीलिंगमधल्या पॅनलचे चौकोन तिच्यात मोजता येतात. आणि दोन्ही बाजूंच्या रॅकवर, जिथे विकायचा माल मांडलाय, तिथे वरच्या फळीची सावली खालच्या दोन-तीन फळ्यांवर पसरलेली. दुकानात उजेड भरपूर असतो, पण तो पडतो अशा जागी जी कुणी विकत घेणार नाही.

यावर एकदा नीट लिहावं असं बरेच दिवस मनात होतं. दुकानदार इथे बरेच आहेत, त्यांनी आपापले अनुभव जरूर टाकावेत.

पॅनल किंवा ट्यूब सरळ खाली उजेड टाकते. माल मात्र बहुतेक वेळा उभा असतो: टांगलेले कपडे, फळ्यांवरची खोकी, पुतळे, भिंतीवरचे बूट. आत येणाऱ्या माणसाच्या नजरेसमोर पहिल्यांदा हेच उभे पृष्ठभाग येतात. ते अंधारे असतील तर खाली कितीही उजेड ओता, दुकान मलूलच वाटतं. म्हणून मी सगळ्यात आधी दिव्यांची रांग मधल्या वाटेवरून उचलून रॅकच्या जवळ आणते. छत जितकं उंच, त्याच्या साधारण एक तृतीयांश अंतर भिंतीपासून ठेवायचं. म्हणजे ३ मीटरच्या छताला १ मीटर. आणि दिव्याचं तोंड रॅककडे. एवढ्या एका बदलाने कित्येक ठिकाणी दिव्यांची संख्या कमी करूनही दुकान उजळलेलं मी पाहिलंय.

दुसरी गोष्ट डोळ्याच्या हिशेबाची. लक्स (एखाद्या जागेवर किती उजेड पडतो त्याचं माप) दुप्पट केले म्हणून दुकान दुप्पट उजळ दिसत नाही. दुप्पट वाटायला सुमारे आठपट प्रकाश लागतो, असं स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाच्या संवेदनेविषयीच्या नियमावरून निघतं. त्यामुळे सगळीकडे दिवे वाढवत जाणं हा कधीच न संपणारा खर्च आहे. डोळ्याला फरक कळतो तो शेजारच्या जागेच्या तुलनेत. आजूबाजूपेक्षा तिप्पट प्रकाश असेल तर वस्तू वेगळी दिसते, पाचपट असेल तर नजर आपसूक तिकडे वळते, दहापट म्हणजे थेट रंगमंच. युरोपीय मानक ईएन १२४६४-१ मध्ये विक्रीच्या जागेला ३०० लक्स आणि गल्ल्याच्या काउंटरला ५०० लक्स सांगितले आहेत. पाया ३०० चा धरला तर ज्या दोन-चार वस्तूंवर तुम्हाला माणूस थांबवायचा आहे तिथे १००० ते १५०० द्या. पण दोन-चारच. मालकांना सगळंच उठून दिसायला हवं असतं. तो मोह मला कळतो, पण वीस जागी स्पॉट लावले की नजर कुठेच टेकत नाही आणि तुम्ही पुन्हा सपाट उजेडाच्या दुकानात परतता.

अमेरिकन प्रकाशयोजनाकार रिचर्ड केली याने १९५२ मध्ये प्रकाशाचे तीन प्रकार मांडले होते: सभोवार पसरलेला मंद उजेड, एका जागी एकवटलेला झोत, आणि लखलखणारे छोटे ठिपके. इतकी वर्षं झाली, तरी कुठल्याही दुकानात शिरले की मी मनात हेच तीन मोजते. पहिला प्रकार सगळ्यांकडे असतो, दुसरा थोड्यांकडे, तिसरा फारच क्वचित.

आता एक प्रयोग. याला पैसा लागत नाही. रात्री दुकान बंद झाल्यावर शटर अर्धं खाली घ्या आणि सगळे दिवे मालवा. हातात टॉर्च देऊन एकाला आत उभा करा आणि तुम्ही दारात थांबा. आता त्याला टॉर्च एकेका वस्तूवर मारायला सांगा: आधी समोरून, मग वरून तिरपा, मग बाजूने. समोरून मारलेल्या झोतात विणीचा स्वेटर पुठ्ठ्यासारखा सपाट दिसतो. तोच झोत वरून साधारण ३० अंश तिरपा आला की एकेक टाका वर उठतो. हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की दिवे कुठे हवेत ते मला विचारावंच लागत नाही.

---

सुईदोरा

अगदी वेळेवर धागा काढलात. माझं कापडाचं आणि तयार कपड्यांचं दुकान आहे. आमची सर्वांत मोठी डोकेदुखी काळा आणि नेव्ही ब्लू. दुकानात दोन्ही एकसारखे दिसतात. माणूस काळी पँट म्हणून घेऊन जातो आणि दुसऱ्या दिवशी "अहो, ही तर निळी निघाली" म्हणून परत येतो. त्यामुळे आता सवयीची गिऱ्हाइकं आधीच कापड हातात घेऊन दाराशी जातात, बाहेरच्या उजेडात उलटंसुलटं करून बघतात. एकदा दाराशी गेलेला माणूस पुन्हा आत येईलच असं नसतं.

उजेड पांढरा असला की रंग खरा दिसतो असं सांगितल्यामुळे मी मागच्या वर्षी सगळे दिवे ६५०० केल्विनचे पांढरे केले. फरक पडला नाही. उलट लाल आणि मरून कपडे आता विटकरी, मेल्यासारखे दिसतात. कुठे चुकलं?

---

लोलक

@सुईदोरा, दिवे देणाऱ्याने तुम्हाला दोन वेगळ्या गोष्टी एकच करून सांगितल्या. मी दिव्यांच्या चाचणीचं काम करतो, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

केल्विनचा आकडा दिव्याची छटा सांगतो. मेणबत्ती १९०० च्या आसपास, जुना तारेचा बल्ब २७००, दुपारचं ढगाळ आकाश ६५०० च्या पुढेमागे. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात ते यावरून कळत नाही. त्याचा आकडा वेगळा: सीआरआय, म्हणजे रंगनिष्ठा म्हणू या. तारेचा बल्ब पिवळा असूनही त्याचा सीआरआय १०० असतो, आणि स्वस्तातला पांढराशुभ्र एलईडी ७० चाही असू शकतो.

याचं कारण एलईडीच्या पोटात आहे. पांढरा म्हणतो तो एलईडी मुळात निळा असतो, वर पिवळ्या फॉस्फरचा थर. काही निळा प्रकाश तसाच बाहेर येतो, काहीचा पिवळा होतो, आणि दोन्ही मिळून डोळ्याला पांढरं वाटतं. (तो निळा एलईडी जमवणाऱ्या आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकीचं नोबेल मिळालं.) या मिश्रणात गडद लाल फार कमी असतो. दिव्यात जो रंग नाही तो कापड परत कुठून पाठवणार? तुमचे मरून कपडे म्हणून मेलेत.

आता यातली मेख. सीआरआय काढताना आठ फिक्या रंगांची सरासरी घेतात. गडद लाल हा नववा नमुना, आर-९, त्या सरासरीत येतच नाही. त्यामुळे खोक्यावर ८० छापलेल्या दिव्याचा आर-९ शून्याच्या आसपासही असू शकतो. दिवा घेताना सीआरआय ९० च्या वर आणि आर-९ किमान ५० असं दोन्ही विचारा. आर-९ विक्रेत्याला माहीत नसेल तर उत्पादकाची माहितीपत्रिका मागा. २०१५ मध्ये ९९ नमुन्यांची टीएम-३० ही नवी पद्धत आली, ती जास्त प्रामाणिक आहे, पण खोक्यांवर अजून सीआरआयच दिसतो.

काळ्या-निळ्याचं कारण वेगळं आहे. पिवळट दिव्यात निळा भाग कमी, म्हणून तिथे नेव्ही ब्लू काळा दिसतो. तुमच्याकडे तर निळा भरपूर आहे. तुमची अडचण प्रकाशाच्या प्रमाणाची. गडद कापड पडलेल्या उजेडातला जेमतेम ५ टक्के परत पाठवतं, आणि इतक्या कमी उजेडात डोळ्याला रंगातला बारीक फरक कळत नाही. बाहेर लोकांना तो कळतो कारण तिथे हजारो लक्स असतात. सगळं दुकान तसं करायची गरज नाही. एकच टेबल करा, १००० ते १५०० लक्स, ४००० केल्विन, सीआरआय ९५. रंग बघायची जागा म्हणून.

---

सुईदोरा

@लोलक, मनापासून आभार. आर-९ हा शब्द आज पहिल्यांदा ऐकला. एक शंका राहिली. कधीकधी दोन कापडं दुकानात अगदी जुळतात आणि बाहेर नेली की जुळत नाहीत. दोन्ही एकाच दिव्याखाली पाहिलेली असतात. मग असं का?

---

लोलक

दोन वेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेली कापडं एका उजेडात तंतोतंत जुळतात आणि दुसऱ्या उजेडात फुटतात. याला मेटामेरिझम म्हणतात. अस्तर, बटणं, दोरा, बाहेरून आलेले पट्टे, सगळ्यांत हे होतं, कारण प्रत्येकाचा रंगारी वेगळा. उपाय एकच: जुळवणी दोन छटांच्या दिव्यांखाली करून बघायची. त्या टेबलावर ४००० सोबत एक २७०० चा दिवाही वेगळ्या बटणावर लावून घ्या. दोन्हीत जुळलं तर बिनधास्त कापा.

---

तराजू

चर्चा चांगली चाललीय. पण मथळ्यात न आलेला मुद्दा मांडतो, कारण दुकानदाराच्या खिशाशी त्याचाच संबंध आहे: उजेड सुधारला की विक्री खरंच वाढते का?

या विषयावर विकणाऱ्यांची भाषणं खूप आणि मोजमाप थोडं. जे मोजमाप आहे ते सावधपणे वाचावं लागतं. १९९४ चा अरेनी आणि किम यांचा अभ्यास घ्या. वाईनच्या दुकानात उजेड कधी मंद, कधी प्रखर ठेवून त्यांनी लोकांच्या हालचाली टिपल्या. प्रखर उजेडात लोकांनी जास्त बाटल्या हातात घेतल्या, जास्त न्याहाळल्या. खरेदीत मात्र म्हणण्याजोगा फरक दिसला नाही.

दुसरं उदाहरण कॅलिफोर्नियातलं. हेशाँग महोन गटाने १९९९ मध्ये एका साखळीची १०८ दुकानं तपासली. त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश दुकानांच्या छतातून दिवसाचा उजेड आत येत होता, आणि त्या दुकानांची विक्री ४० टक्क्यांनी जास्त असल्याचं गणित त्यांनी मांडलं. हा आकडा आजही जिथेतिथे सांगितला जातो. त्याच गटाने २००३ मध्ये दुसऱ्या साखळीवर काम केलं तेव्हा परिणाम पार आटला, जास्तीत जास्त ६ टक्क्यांच्या आसपास. हा दुसरा आकडा फारसा कुणी सांगत नाही.

माझा विरोध नाही, पण "दिवे बदला, खप वाढेल" असं सरसकट कुणी सांगू नये असं मला मनापासून वाटतं. छोटा दुकानदार कर्ज काढून सीलिंग करतो.

---

कवडसा

@तराजू, तुमच्या शेवटच्या वाक्यासाठी विशेष धन्यवाद. उसनवारी करून सीलिंग केलेली आणि सहा महिन्यांत तो खर्च पेलवेनासा झालेली दुकानं मीही पाहिली आहेत. कुणी खपाची टक्केवारी छातीठोकपणे सांगितली तर त्याच्याकडून काम करून घेऊ नये, असं मी स्वतःच्या गिऱ्हाइकांनाही सांगते.

वाईनच्या दुकानाचा तो निष्कर्ष मला मात्र निराशाजनक वाटत नाही. लोकांनी वस्तू जास्त हातात घेतल्या ना? उजेडाचं काम तिथवरच. थांबवणं, जवळ आणणं, हात लावायला लावणं. त्यापुढे वस्तूचा दर्जा, किंमत आणि काउंटरमागच्या माणसाचं बोलणं. पण जी वस्तू दिसलीच नाही ती हातात घेणार कोण?

तुम्हाला स्वतःच्या दुकानापुरतं मोजायचं असेल तर एकच भिंत बदला. समोरची तशीच राहू द्या. चार आठवडे दोन्ही भिंतींवरून काय गेलं ते वहीत लिहा, मग माल तसाच ठेवून फक्त दिवे एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर हलवा आणि पुन्हा चार आठवडे लिहा. ट्रॅक लाईट (पट्टीवर सरकवता येणारे दिवे) असेल तर हे एका संध्याकाळचं काम. मधे सण-सुटी किंवा सवलत आली तर ते दिवस बाजूला काढा. तुमच्या वहीत जे येईल ते दुसऱ्या कुठल्याही अभ्यासापेक्षा तुमच्या दुकानाला जास्त लागू पडेल.

---

उंबरठा

मी दुकानदार नाही, नुसती गिऱ्हाईक. पण ट्रायल रूमबद्दल कुणीतरी बोललंच पाहिजे.

मागे एक ड्रेस बाहेर पुतळ्यावर पाहिला. इतका सुरेख दिसत होता की आत जाऊन घालून बघितला. ट्रायल रूममध्ये बरोबर डोक्यावर एकच स्पॉट. आरशात बघते तर डोळ्यांखाली दोन काळे खड्डे, नाकाची सावली ओठांवर, मानेवर वळ्या, आणि ड्रेसचा गळ्याखालचा सगळा भाग काळोखात. बाहेर ज्या रंगावर मी भाळले होते तो इथे राखाडी झाला होता. ड्रेस अंगावर बसत होता, मापही बरोबर होतं. तरी काढून ठेवला आणि निघाले. ड्रेस नव्हे, मीच स्वतःला बरी दिसले नाही हे खरं कारण, आणि ते काउंटरवर कुणी सांगत नाही.

सगळा खर्च दर्शनी भागावर आणि जिथे माणूस घ्यायचं की नाही ते ठरवतो ती खोली मात्र उरलेल्या दिव्यांवर, असं का होतं?

---

कवडसा

@उंबरठा, तुमचा हा प्रतिसाद मी छापून माझ्या फायलीत ठेवणार आहे. प्रत्येक बैठकीत वाचून दाखवण्यासारखा आहे.

ट्रायल रूममध्ये दिवा माणसावर पडायला हवा, तोही समोरून. आरशाच्या दोन्ही बाजूंना उभे दिवे, साधारण गुडघ्यापासून डोक्याच्या वरपर्यंत, आणि त्यावर दुधी डिफ्यूझर, म्हणजे उजेड पसरवणारं झाकण. दोन्हीकडून सारखा उजेड आला की सावल्या एकमेकींना खोडतात. सीआरआय ९० च्या खाली इथे घेऊच नये. भिंती फिक्या, मऊ रंगाच्या ठेवा. गडद हिरवी किंवा लाल भिंत आपला रंग चेहऱ्यावर टाकते. छतात दिवा हवाच असेल तर तो आरसा आणि माणूस यांच्या मधे, डोक्याच्या मागे नको. आणि छटा दुकानातलीच ठेवा. बाहेर ३००० आणि आत ६५०० असं झालं की तोच कपडा दोन वेगळे कपडे वाटतात. तुमच्या ड्रेसचं बहुधा हेच झालं.

---

काचेपलीकडे

माझी तक्रार दर्शनी काचेची. संध्याकाळी आमचा शोकेस लांबून ओढून घेतो. दिवसा मात्र काचेत रस्ता, गाड्या आणि समोरची इमारत सोडून काही दिसत नाही. आत दिवे वाढवले, तरी तेच.

---

लोलक

@काचेपलीकडे, दिवे वाढवून ही लढाई जिंकता येत नाही. हिशेबच बघा.

कडक उन्हात सुमारे १ लाख लक्स असतात. समोरच्या फिक्या भिंतीवर ऊन पडलं की तिची उजळता (तिच्याकडून डोळ्याकडे येणारा उजेड, कॅन्डेला प्रति चौरस मीटरमध्ये मोजतात) २५,००० च्या घरात जाते. साधी काच दोन्ही पृष्ठभाग मिळून साधारण ८ टक्के परावर्तन करते, म्हणजे काचेत दिसणारं त्या भिंतीचं प्रतिबिंब सुमारे २,०००. आत तुम्ही १००० लक्स दिले आणि कपडा मध्यम रंगाचा असला तर तो जेमतेम १६० ने उजळतो. बारा-तेरापट मागे आहात.

म्हणून प्रतिबिंबच तोडावं लागतं. काचेवर पुढे आलेलं छप्पर किंवा चांदवा लावा, त्याची खालची बाजू गडद ठेवा. काच वरच्या बाजूने थोडी बाहेर झुकवता आली तर तिच्यात रस्त्याऐवजी खालची सावलीतली जमीन दिसेल. परावर्तनरोधी थर असलेली काच ८ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या आसपास आणते, महाग असते पण. आतल्या बाजूला वस्तूंची पाठभिंत फिकी ठेवून तीच उजळा. काळ्या पाठभिंतीचा शोकेस दिवसा शुद्ध आरसा होतो.

आणि दिवसा जेवढे दिवे लागतात तेवढे रात्री नकोत. रात्री डोळे अंधाराला सरावलेले असतात, तोच उजेड टोचतो. टायमर आणि डिमर लावून अंधार पडल्यावर शोकेस निम्म्याच्याही खाली आणा.

---

मोरपीस

दागिन्यांच्या काउंटरमागे मी बरीच वर्षं उभी आहे, त्यातलं थोडं सांगते.

सोन्याला ३००० केल्विनचा उबदार उजेड मानवतो. चांदी आणि प्लॅटिनम त्यात पिवळट दिसतात, त्यांना ४००० किंवा थोडं वर हवं. दोन्ही एकाच शोकेसमध्ये मांडले की एकाचं नुकसान ठरलेलंच. हिरा याहून वेगळा. आमच्याकडे एकदा हौसेने शोकेसभर दुधी पट्ट्या बसवल्या. उजेड मऊ, छान, सावली कुठे नाही. आणि हिरे काचेच्या तुकड्यांसारखे पडून राहिले. हिऱ्याला पसरलेला उजेड चालत नाही, त्याला बारीक, टोकदार ठिपके लागतात. तळहातावर अंगठी घेऊन जरा हलवली की एका पैलूत निळी ठिणगी, दुसऱ्यात केशरी. ती ठिणगी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत दिसते, मी नेहमी त्यांच्या चेहऱ्याकडेच बघत असते. शेवटी प्रत्येक काउंटरवर तीन-चार लहान स्पॉट परत आले.

कवडसाताई, तुम्ही वर तिसरा प्रकार म्हणालात, लखलखणारे ठिपके, तो आमच्याकडे सजावट नसून गरज आहे.

एक विनंती मात्र सगळ्या प्रकाशयोजनाकारांना. स्पॉट लावताना आमच्या जागी एकदा उभं राहून बघा. गिऱ्हाईक दहा मिनिटं बसतं, आम्ही दिवसभर त्याच दिव्यांकडे तोंड करून असतो.

---

रोजमेळ

मोरपीस यांच्या शेवटच्या परिच्छेदाला माझं अनुमोदन. मी गल्ल्यावर असतो. दुपारनंतर डोकं दुखायला लागतं. घरी असलो की दुखत नाही. नवे दिवे आल्यापासून हे सुरू झालं, पण उजेड स्थिर दिसतो, लुकलुकत नाही. दिव्यांमुळे असेल का?

---

लोलक

असू शकतं, आणि तपासणं सोपं आहे. मोबाईलचा कॅमेरा स्लो मोशनवर ठेवून दिव्याकडे धरा. चित्रात काळे पट्टे सरकताना किंवा दिवा धडधडताना दिसला तर तो लुकलुकतोय. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होतो, ६० हर्ट्झवर १२० वेळा. डोळ्याला ते वेगळं दिसत नाही, पण काही लोकांना त्याने डोकेदुखी आणि डोळ्यांचा थकवा येतो. दोष बहुतेक वेळा एलईडीच्या आतल्या किंवा बाहेरच्या स्वस्त ड्रायव्हरचा, म्हणजे त्याला वीज पुरवणाऱ्या सर्किटचा, असतो. ड्रायव्हर सुटा असेल तर तेवढाच बदलून बघा, अख्खा दिवा बदलायची गरज नाही.

ड्रायव्हरचा विषय निघालाच आहे तर हेही: बंद फॉल्स सीलिंगमध्ये वाऱ्याला वाव नसेल तर तो तापून लवकर मरतो. दिव्यांवर आयुष्याचे जे तास छापतात ते एलईडीचा उजेड ७० टक्क्यांवर यायला लागणारे तास असतात, ड्रायव्हरचा त्यात विचार असेलच असं नाही.

---

कवडसा

मोरपीस, रोजमेळ, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. दिवे रोखताना मी आता एक पायरी न चुकता करते: काउंटरमागे खुर्ची ठेवून दहा मिनिटं बसते. एखादा दिवा थेट डोळ्यांत येत असेल तर त्याचा कोन वळवते किंवा तोंडाला जाळी लावते. गल्ल्यावर दमलेला माणूस गिऱ्हाइकाशी नीट बोलू शकत नाही, मग पुढचा सगळा उजेड कशासाठी?

वयाचंही लक्षात ठेवा. साठीतल्या माणसाच्या दृष्टिपटलावर विशीतल्या माणसाच्या सुमारे एक तृतीयांशच प्रकाश पोचतो. किमतीच्या चिठ्ठ्या, पायऱ्या, पैसे मोजायची जागा इथे हात आखडता घेऊ नका.

व्यक्तिगत निरोपांमध्ये तिघांनी विचारलंय की स्पॉट किती अंशांचा घ्यावा, म्हणजे त्याचा झोत किती रुंद पसरावा. दिवा वस्तूपासून २ मीटरवर असेल तर १५ अंशाच्या स्पॉटचं वर्तुळ साधारण अर्ध्या मीटरचं पडतं, २४ चं ८५ सेंटिमीटर, ३६ चं १.३ मीटर. एका बुटाला १५, पुतळ्याला २४, टांगलेल्या कपड्यांच्या रांगेला ३६ किंवा त्याहून रुंद. आणि अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. उंच छताच्या दुकानात कमी उंचीच्या दुकानाची यादी जशीच्या तशी लावली की हेच विसरलं जातं.

---

काचेपलीकडे

अजून एक, शोकेसमधल्या मालाचा रंग उडतो. मागे पुतळ्यावरचा निळा कोट उतरवला तर एका खांद्यावर सरळ रेघ: वर फिका, कॉलरच्या सावलीतला भाग गडद. कोट कुणी घेईना. एलईडीने असं होत नाही म्हणतात ना?

---

लोलक

हॅलोजनपेक्षा कमी होतं, कारण एलईडीत अतिनील जवळपास नसतं. पण दृश्य प्रकाशानेही रंग उडतो, आणि ते नुकसान साठत जातं: लक्स गुणिले तास. संग्रहालयं जुन्या वस्त्रांवर ५० लक्सच्या वर जात नाहीत ते याचमुळे. तुमच्या बाबतीत मोठा गुन्हेगार मात्र ऊन असेल, ते काचेतून रोज येतं. काचेला अतिनील अडवणारी फिल्म लावा आणि पुतळ्यावरचे कपडे वरचेवर बदला.

---

सुईदोरा

तीन आठवड्यांनी परत लिहितेय.

टॉर्चचा प्रयोग केला. आमच्या यांनी आत टॉर्च धरला होता, मी दारात. डाव्या भिंतीवर वरच्या फळीत कॉर्डुरॉयचे गठ्ठे होते, त्यांच्यावर तिरपा उजेड पडला तेव्हा उभ्या रेघा दारातून मोजता येत होत्या. इतकी वर्षं तो माल तिथेच होता आणि मला स्वतःला कधी दिसला नव्हता. दुसऱ्या दिवशी मधल्या वाटेवरची रांग काढून भिंतीकडे ओढून घेतली. नवीन काही घेतलं नाही, फक्त वायरमनची मजुरी.

टेबलही केलं. लोलक यांनी सांगितलं तसं: १२०० लक्स, ४००० केल्विन, सीआरआय ९५, बाजूला पिवळा दिवा वेगळ्या बटणावर. परवा एक गृहस्थ जुन्या कोटाला पॅच शोधत आले. मी काळा आणि नेव्ही ब्लू शेजारी टाकले. त्यांनी वाकून बघितलं, पिवळं बटण दाबलं, मग पांढरं, मग परत पिवळं. "हा निळा," म्हणाले, आणि कापून घेतला. दाराशी गेले नाहीत.

विक्रीचं वहीत लिहितेय, अजून सांगण्यासारखं नाही. एक अडचण आलीय. टेबलावरचा दिवा समोर बसलेल्याच्या डोळ्यांत चमकतो, विशेषतः सॅटिनसारखं चकचकीत कापड पसरलं की. काय करू?

---

कवडसा

सुईदोरा, वाचून फार आनंद झाला, कॉर्डुरॉयचं तर विशेष.

टेबलावरची चमक परावर्तनाची आहे. दिवा टेबलाच्या मधोमध किंवा पलीकडे असेल तर तो कापडावर आपटून सरळ बसलेल्याच्या डोळ्यांत जातो. दिवा त्यांच्या खांद्यांच्या रेषेत आणा, डावीकडे एक आणि उजवीकडे एक, दोन्ही अर्ध्या ताकदीचे. तोंडाला मधमाशीच्या पोळ्यासारखी जाळी मिळते, ती लावा. जाळीने उजेड थोडा घटेल, तेव्हा लावल्यावर लक्स पुन्हा मोजा. १००० च्या खाली आले तर टेबल १५ सेंटिमीटर उंच करण्यापेक्षा दिवेच तेवढे खाली घ्या. फोटो टाका, बसल्या जागेवरून काढलेला.